केसपेपरवर काय लिहिलंय?

अमरावतीच्या इर्विनमधून, अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयातून किंवा तालुक्याच्या दवाखान्यातून बाहेर पडणाऱ्या माणसाच्या हातात एक केसपेपर असतो. त्यावर औषधांच्या वर दोन-चार अक्षरं खरडलेली असतात. सीपी, एएसडी, जीटीसीएस, एमडीडी, सीव्हीए. डॉक्टरांसमोर मोठी रांग असते, आपल्याला विचारायचा संकोच असतो, आणि त्या अक्षरांचा अर्थ शेवटी गावात जाऊन लावला जातो. कोणी म्हणतं लेकरू मंद आहे, कोणी म्हणतं बाहेरचं झालं, कोणी म्हणतं म्हातारपणी असं होतेच. या अर्थ लावण्यात महिने निघून जातात. मेंदूच्या आणि मनाच्या आजारांत सगळ्यात मोठं नुकसान होतं ते याच वाया गेलेल्या वेळेनं.

म्हणून हे शब्द इथे वयाच्या क्रमानं मांडले आहेत. प्रत्येक ठिकाणी तीन गोष्टी पाहू: शब्दाचा अर्थ काय, घरी काय दिसतं आणि जायचं कुठे. हा लेख वाचून घरच्या घरी निदान करायचं नाही, ते काम डॉक्टरांचंच. पण दवाखान्यात कधी जायचं आणि तिथे काय सांगायचं, हे घरच्यांनाच ठरवावं लागतं.

जन्म ते तीन वर्षं: विकासाचे टप्पे

गरोदरपणात अंगणवाडी सेविका किंवा आशाताई माता व बाल संरक्षण कार्ड देतात. आपण ते लसीच्या तारखांपुरतं उघडतो. त्याच कार्डात बाळानं कोणत्या वयात काय करायला हवं याची चित्रं असतात. डॉक्टर ज्यांना विकासाचे टप्पे म्हणतात ते हेच.

प्रत्येक बाळ थोडं मागेपुढे असतं, तरी काही मर्यादा लक्षात ठेवाव्यात. दोन महिन्यांच्या सुमारास बाळ आईकडे पाहून हसायला लागतं. चौथ्या महिन्यापर्यंत मान धरतं. नवव्या महिन्यापर्यंत आधाराशिवाय बसतं. वर्ष-सव्वा वर्षाचं होईतो बोट दाखवून हवी ती वस्तू मागतं. दीड वर्षापर्यंत चालतं. दोन वर्षांचं होता होता ‘आई ये’, ‘पाणी दे’ असे दोन शब्द जोडतं. यातलं काही राहून गेलं तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. आधी येत असलेली गोष्ट, म्हणजे बोललेले शब्द किंवा धरलेली मान, गेली तर कोणत्याही वयात ताबडतोब जा.

बाळ वेळेआधी जन्मलं असेल तर हिशोब बदलतो. दोन महिने आधी आलेलं बाळ आज सहा महिन्यांचं असेल, तर त्याच्याकडून चार महिन्यांच्या बाळाइतकीच अपेक्षा ठेवायची. साधारण दोन वर्षांपर्यंत असंच मोजतात.

केसपेपरवर जीडीडी लिहिलं असेल तर त्याचा अर्थ पाच वर्षांखालचं मूल हालचाल, बोलणं, समज अशा दोन किंवा जास्त बाबतींत बरंच मागे आहे. हे वर्णन आहे, कारण अजून शोधायचं आहे. कमी ऐकू येणं आणि थायरॉइड कमी असणं ही त्यातली दोन कारणं लवकर सापडली तर उपचार होतात, म्हणून कानाची तपासणी आणि थायरॉइडची रक्ततपासणी टाळू नका.

सीपी म्हणजे सेरेब्रल पाल्सी. वाढत्या मेंदूला इजा झाल्यामुळे स्नायूंवरचा ताबा बिघडतो. हातपाय ताठ राहतात, पायांची कात्री होते किंवा अंग अगदी सैल पडतं. कमी दिवसांचं बाळंतपण, जन्मताना प्राणवायू कमी पडणं, तीव्र कावीळ, मेंदूचा ताप ही त्याची नेहमीची कारणं. मेंदूची ही इजा पुढे वाढत जात नाही. पण व्यायाम मिळाला नाही तर सांधे आखडत जातात, म्हणून फिजिओथेरपी लवकर सुरू करणं गरजेचं. सीपी असलेल्या कितीतरी मुलांची बुद्धी चांगली असते. बोलता येत नाही म्हणून समजत नाही, असं धरून चालू नका.

एएसडी म्हणजे स्वमग्नता, ऑटिझम. घरी एक साधी गोष्ट करून पाहा. वर्षभराचं बाळ खेळण्यात दंग असताना मागून, हात न लावता, त्याच्या नावानं हाक मारा. थोडं थांबून पुन्हा मारा. मग दूर कुठे बिस्किटाचा पुडा वाजवा. पुड्याच्या आवाजाला वळतं, पण नावाला वळत नाही, नजरेला नजर देत नाही, बोट दाखवत नाही, गाडीचं चाकच फिरवत बसतं, असं वारंवार होत असेल तर ते डॉक्टरांना असंच्या असं सांगा. आईचं प्रेम कमी पडलं म्हणून किंवा लस दिली म्हणून स्वमग्नता होत नाही. मोबाइलनंही ती होत नाही, पण या वयात मोबाइल बोलण्या-खेळण्याचा वेळ खातो, म्हणून तो बाजूला ठेवायचा.

“त्याचा बापही उशिराच बोलला होता” हे वाक्य आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं. पण पहिल्या दोन-तीन वर्षांत मेंदू जितक्या वेगानं वाढतो तितका पुन्हा कधीच वाढत नाही. वाफसा असताना पेरणी झाली तर दाणा उगवतो, तसं या वयातल्या उपचारांचं आहे. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्यांत आणि शाळांत येऊन मुलं तपासतात. पुढच्या तपासणीसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं, त्याला डीईआयसी म्हणतात. तिथे बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपी, वाचा उपचार आणि कानाची तपासणी एका जागी मिळावी अशी ही योजना आहे. पथकाची वाट पाहू नका. आशाताईंकडून चिठ्ठी घ्या आणि निघा.

शाळेचं वय: मंद, मस्तीखोर, आळशी?

या तीन विशेषणांच्या मागे तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात.

पहिली बौद्धिक अक्षमता. बुद्ध्यांक साधारण 70 च्या खाली आणि त्यासोबत रोजचे व्यवहार, म्हणजे कपडे घालणं, पैसे ओळखणं, रस्ता ओलांडणं, वयाच्या मानानं मागे असणं. नुसत्या बुद्ध्यांकाच्या आकड्यावर हे निदान होत नाही.

दुसरी एडीएचडी, म्हणजे अतिचंचलता आणि लक्ष न टिकणं. मस्ती सगळीच मुलं करतात. हे निदान करण्यासाठी लक्षणं सहा महिन्यांहून जास्त काळ, बाराव्या वर्षाआधीपासून, आणि घरी तसंच शाळेतही दिसावी लागतात. फक्त एका शिक्षकांच्या तासाला मूल हूड असेल तर कारण दुसरीकडे शोधा.

तिसरी एसएलडी, म्हणजे अध्ययन अक्षमता. मूल हुशार असतं, तोंडी सगळं सांगतं, पण वाचताना अडखळतं, अक्षरं गाळतं किंवा साध्या आकडेमोडीत अडकतं. मारून किंवा शिकवणी लावून हे जात नाही, शिकवण्याची पद्धत बदलावी लागते. सरकारी रुग्णालयाचं प्रमाणपत्र असेल तर दहावी-बारावीच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. त्यासाठी नववीपर्यंत वाट पाहू नका, तिसरी-चौथीतच तपासून घ्या.

दिव्यांग मुलं अठरा वर्षांची झाल्यावर त्यांचं काय, हा प्रश्न आपल्याच अमरावती जिल्ह्यातून देशापुढे गेला. अचलपूर तालुक्यातल्या वझ्झर इथे शंकरबाबा पापळकरांनी बेवारस दिव्यांग मुलांना आपलं नाव दिलं, वाढवलं, कितींची लग्नं लावून दिली. अठरा वर्षांवरच्या अशा मुलांच्या आजन्म पुनर्वसनाचा कायदा व्हावा म्हणून ते वर्षानुवर्षं झगडत आहेत. 2024 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ज्यांच्या घरात असं मूल आहे त्यांनी एक गोष्ट वेळेत करावी. स्वमग्नता, सीपी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असलेल्या मुलाचं वय अठरा झाल्यावर 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली कायदेशीर पालकत्व घेता येतं. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे अर्ज करायचा असतो. याच कायद्याखाली ‘निरामय’ ही वर्षाला एक लाखापर्यंतची आरोग्य विमा योजनाही आहे.

झटका आला तर

मेंदूच्या पेशी विजेच्या अगदी सूक्ष्म संदेशांवर चालतात. ते संदेश अचानक एकदम उसळले की झटका येतो. जीटीसीएस म्हणजे संपूर्ण अंग ताठ होऊन मग हातपाय झाडणारा झटका. सगळेच झटके असे नसतात. शाळकरी मूल बोलता बोलता काही सेकंद एकटक पाहतं आणि पुन्हा बोलायला लागतं, तोही झटक्याचा प्रकार असू शकतो.

सहा महिने ते पाच वर्षं या वयात तापासोबत येणारा झटका बहुधा पाच मिनिटांच्या आत थांबतो आणि पुढे त्रास देत नाही. तरी पहिल्या झटक्यानंतर मूल त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, कारण मेंदूचा ताप नाही ना हे पाहावं लागतं. अपस्मार, म्हणजे मिरगी किंवा एपिलेप्सी, हे निदान सहसा ताप किंवा दुसरं तात्कालिक कारण नसताना एक दिवसाहून जास्त अंतरानं दोन झटके आले तर होतं.

बसस्टँडवर, बाजारात, वावरात कोणाला झटका आला तर काय करायचं हे पाठ असू द्या. घड्याळ पाहा. आजूबाजूचं टोकदार सामान हलवा, डोक्याखाली दुपट्टा ठेवा, गळ्याशी कपडा सैल करा, थरथर कमी होताच माणसाला कुशीवर वळवा. जोडा, कांदा हुंगवू नका. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नका. हातपाय दाबून धरू नका. पाच मिनिटांत थांबलं नाही, शुद्ध न येताच दुसरा झटका आला, बाई गरोदर असली किंवा डोक्याला मार लागला असला तर 108 ला फोन करा. कोणाला जमलं तर मोबाइलवर झटका चित्रित करून ठेवा. डॉक्टरांना तो फार उपयोगी पडतो.

दहापैकी सुमारे सात जणांचे झटके नियमित औषधानं पूर्ण थांबू शकतात. औषध अचानक बंद करणं हे झटका परतण्याचं मोठं कारण, हे विसरू नका. लग्न जुळवताना हा आजार लपवला जातो आणि लपवण्यासाठी गोळ्याही बंद केल्या जातात. 1999 च्या दुरुस्तीनं हिंदू विवाह कायद्यातून मिरगी हे विवाह रद्द करण्याचं कारण वगळलं आहे. लपवण्यापेक्षा सांगितलेलं बरं. मुलगी झटक्याचं औषध घेत असेल तर गरोदरपणाचा विचार करण्याआधी डॉक्टरांना विचारा. व्हॅलप्रोएटसारखं औषध गर्भाला अपाय करू शकतं, ते आधीच बदलता येतं.

तरुण वय: घाबरणं, भास, भ्रम

बुलडाणा-वाशीमपासूनची मुलं नीट-जेईईच्या क्लासेससाठी अकोल्यात खोल्या घेऊन राहतात. घर सुटलेलं, चाचण्यांचे गुण दर आठवड्याला भिंतीवर लागलेले, आईबापांनी वावर गहाण टाकल्याची जाणीव. या वयात मेंदूचा विचार करणारा, आवर घालणारा पुढचा भाग अजून घडत असतो. ते काम पंचविशीच्या आसपास पुरं होतं. म्हणून या मुलांना एकटं सोडून चालत नाही.

ताण आणि आजार यातला फरक असा. पेपर झाला, सुट्टी लागली की ताण उतरतो. चिंताविकार उतरत नाही. कारण नसताना किंवा कारणाच्या मानानं फार जास्त काळजी महिनोन् महिने राहते, झोप उडते, पोट बिघडतं. कागदावर जीएडी लिहिलेलं असतं ते हेच. पॅनिक अटॅक याहून वेगळा. अचानक छाती धडधडते, श्वास पुरत नाही, हातापायांना मुंग्या येतात, “आता मी मरतो” असं वाटतं आणि काही मिनिटांत हे शिगेला पोचून ओसरतं. पहिल्या वेळी हृदयाची तपासणी करून घ्या. ईसीजी दोनदा-तीनदा चांगला आला आणि तरी असं होत असेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. हा आजार बरा होतो.

या वयात नैराश्य रडण्यापेक्षा चिडचिडीतून जास्त दिसतं. दार लावून बसणं, जेवण सोडणं, मित्र तोडणं, “माझ्यामुळे तुम्हाला त्रास” असं बोलणं हे घरमालकापासून मेसच्या काकूंपर्यंत कोणाच्याही कानावर पडलं तर त्यांनी आईबापांना फोन करावा.

सायकोसिस हा शब्द कागदावर दिसला की घरचे कोसळतात. त्यात दोन गोष्टी असतात. भास म्हणजे कोणी नसताना आवाज ऐकू येणं किंवा दिसणं. भ्रम म्हणजे खोटी समजूत इतकी घट्ट बसणं की पुरावा दाखवूनही हलत नाही: शेजारी करणी करतात, मोबाइलमधून माझ्यावर पाळत आहे. हे खूप दिवस राहिलं, वागणं-बोलणं विस्कटलं, तर स्किझोफ्रेनियाचा विचार होतो. तो बहुधा सतरा-अठरा ते तिशीच्या दरम्यान सुरू होतो. एका माणसात दोन माणसं असणं म्हणजे स्किझोफ्रेनिया, ही सिनेमातली समजूत चुकीची आहे.

इथेच आपल्याकडे देवस्थानं, बुवा, मेळघाटात भुमका म्हणजे पारंपरिक वैदू यांच्याकडे आधी जाणं होतं. श्रद्धा असेल तर दर्शनाला जरूर जा, पण त्याच आठवड्यात दवाखान्यातही जा. पहिल्या काही महिन्यांत सुरू झालेला उपचार सर्वांत चांगला लागू पडतो. भूत उतरवण्यासाठी मारणं, साखळदंडानं बांधणं, चटके देणं हा 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. ज्या अमरावतीत गाडगेबाबांची समाधी आहे, तिथल्या माणसाला हे आणखी समजावून सांगायला नको.

संसाराचं वय: “मले गमत नाही”

वऱ्हाडात नैराश्याचा रोगी “मला नैराश्य आलं” असं म्हणत नाही. तो म्हणतो डोकं भणभणते, अंगात जीव नाही, झोप लागत नाही, मले काहीच गमत नाही. मग त्याला सलाइन लावली जाते आणि शक्तीच्या गोळ्या दिल्या जातात.

एमडीडी म्हणजे नैराश्याचा आजार. मन उदास असणं आणि आवडत्या गोष्टींतही रस न उरणं या दोन मुख्य खुणा. त्यांच्यासोबत झोप, भूक, थकवा, एकाग्रता, हालचालींचा मंदपणा किंवा अस्वस्थता, स्वतःला दोष देणं आणि मरणाचे विचार. या नऊपैकी पाच लक्षणं, त्यातलं निदान एक मुख्य, जवळपास रोज, सलग दोन आठवडे असली तर तो आजार धरतात. नापिकी, कर्ज, भाव पडणं ही दुःखाची खरी कारणं आहेत आणि त्यांचा उपाय गोळीत नाही. पण आजार झालेल्या माणसाला बँकेत जायचं, सावकाराशी बोलायचं, पुढच्या हंगामाचा विचार करायचं बळच राहत नाही. उपचारानं ते बळ परत येतं.

हे होऊ शकतं याचा पुरावा आपल्याच मातीत आहे. अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत ‘विश्राम’ नावाचा मानसिक आरोग्याचा कार्यक्रम झाला. गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन या आजाराबद्दल सांगितलं, ऐकून घेतलं, गरज असलेल्यांना डॉक्टरांपर्यंत नेलं. 2017 मध्ये ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’ या नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेलं. 2015 पासून राज्य सरकारचा शेतकऱ्यांसाठीचा ‘प्रेरणा प्रकल्प’ही आशाताईंच्या मदतीनं याच वाटेनं चालतो. आशाताई घरी येऊन झोपेबद्दल, मनाबद्दल प्रश्न विचारतात तेव्हा “सगळं ठीक आहे” म्हणून त्यांना वाटेला लावू नका. खरं सांगा.

नैराश्याच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. त्यांची सवय लागत नाही. बरं वाटल्यावरही निदान सहा महिने त्या घ्याव्या लागतात आणि बंद करताना हळूहळू कमी कराव्या लागतात. झोपेच्या गोळ्यांची मात्र सवय लागू शकते, म्हणून त्या मेडिकलवरून स्वतःच्या मनानं घेऊ नका.

बाळंतिणीकडे वेगळं लक्ष द्या. पहिले दोन आठवडे उगाच रडू येणं हे बहुतेकींना होतं आणि जातं. दोन आठवड्यांनंतरही उदासी असेल, बाळाकडे पाहवत नसेल तर ते बाळंतपणानंतरचं नैराश्य. तिला भास होत असतील, ती बाळाबद्दल भलतंच बोलत असेल, तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या. तोवर तिला आणि बाळाला एकटं ठेवू नका.

एडीएस म्हणजे दारूचं अवलंबन. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम दारू बंद केली तर पहिल्या दिवसात थरथर, दोन दिवसांत झटके, आणि दोन ते चार दिवसांत भ्रमिष्टपणा येऊ शकतो. हे जिवावर बेतू शकतं. म्हणून माळ घालून किंवा लपवून औषध देऊन एका दिवसात सोडवण्यापेक्षा डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडवा.

घरात कोणी मरणाची भाषा करत असेल तर थेट विचारा: “जीव द्यायचा विचार येतो का?” विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. त्याला एकटं सोडू नका. कीटकनाशकाचे डबे घरातून हलवून कुलुपात ठेवा. तीव्र विचार बहुधा थोडाच वेळ टिकतो आणि त्या वेळात विष हाताशी नसणं जीव वाचवतं. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं अशा माणसाला तीव्र ताणाखाली आहे असं मानून मदत देणं ही सरकारची जबाबदारी ठरवली आहे. पोलिसांच्या भीतीनं दवाखाना टाळू नका.

नसांवरचं विष आणि नसांचा बधीरपणा

ओपी पॉयझनिंग हा शब्द खरिपात आपल्या दवाखान्यांत रोज लिहिला जातो. ऑर्गेनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं नसांचा संदेश थांबवणारं विकर बंद पाडतात. मग संदेश चालूच राहतात: लाळ, घाम, उलट्या, जुलाब, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, स्नायूंची फडफड, शेवटी श्वास अडतो. विष पोटातच जायला हवं असं नाही, ते कातडीतून आणि श्वासातूनही जातं. 2017 च्या खरिपात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त माणसं गेली. फवारताना असं काही जाणवलं तर कपडे काढा, साबणानं अंग धुवा, औषधाची बाटली सोबत घेऊन दवाखाना गाठा. ओकारी काढायचा प्रयत्न करू नका. बरं वाटल्यावरही चार दिवसांत मान उचलता न येणं, श्वास जड होणं, किंवा दोन-तीन आठवड्यांनी पायांत कमजोरी येणं शक्य असतं. तसं झालं तर परत जा.

न्यूरोपथी म्हणजे हातापायांच्या नसा खराब होणं. तळव्यांना मुंग्या, आग, कापसावर चालल्यासारखं वाटणं. मधुमेह, बी-12 ची कमतरता आणि दारू ही नेहमीची कारणं. कातडीवर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि त्यावर स्पर्श कळत नसेल तर कुष्ठरोग तपासा, कारण तो नसांचाही रोग आहे. अमरावतीच्या तपोवनात दाजीसाहेब पटवर्धनांनी कुष्ठरुग्णांना घर दिलं तेव्हा आजच्यासारखी औषधं नव्हती. आज ती सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि वेळेत घेतली तर बोटं वाकडी होत नाहीत.

उतारवय: लकवा, विसर, कंप

सीव्हीए किंवा स्ट्रोक म्हणजे लकवा. मेंदूची रक्तवाहिनी बंद पडते किंवा फुटते. दर्यापूर तालुक्यातल्या एखाद्या घरात सकाळी सात वाजता काय दिसेल ते पाहा. आजोबांच्या उजव्या हातातून भाकरीचा तुकडा गळून पडतो. चहा ओठाच्या एका कोपऱ्यातून ओघळतो. “काय झालं बाबा?” विचारलं तर शब्द जड येतात. सून म्हणते, रात्री झोप नाही झाली, पडून राहा थोडं. इथेच घात होतो. त्यांना हसायला सांगा, तोंड एकीकडे ओढलं जातं का पाहा. दोन्ही हात समोर धरायला लावा, एक खाली येतो का पाहा. एक वाक्य बोलायला सांगा. यातलं एकही चुकलं तर घड्याळात वेळ पाहून निघा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि त्याआधी सीटी स्कॅन लागतो. म्हणजे सातचा लकवा असेल तर साडेअकराच्या आत स्कॅनही व्हायला हवा आणि सुईही. दर्यापूरहून अमरावती काय, अकोला काय, लगेच निघालं तर वेळेत पोचता येतं. निघण्याआधी फोन करून सीटी स्कॅन आणि ते इंजेक्शन कुठे मिळेल ते विचारा. तोवर तोंडात पाणी, गोळी, काढा काही देऊ नका. दर मिनिटाला मेंदूच्या सुमारे 19 लाख पेशी मरतात, त्यामुळे मालिशवाल्याकडची फेरी फार महाग पडते.

टीआयए म्हणजे काही मिनिटांत आपोआप उतरलेला लकवा. बरं वाटलं म्हणून घरी बसू नका, मोठ्या लकव्याची ती पूर्वसूचना असू शकते. हातपाय ठीक आहेत आणि फक्त अर्धा चेहरा वाकडा झाला, त्या बाजूच्या कपाळाला आठीही पडत नाही, तर तो बेल्स पाल्सी असण्याची शक्यता जास्त. “हवा लागली” म्हणतात ते हेच. तीन दिवसांच्या आत औषध सुरू झालं तर बहुतेक जण चांगले बरे होतात. पण दोन्हींतला फरक घरी ठरवू नका. लकवा टाळण्यासाठी रक्तदाबाची गोळी रोज घ्या आणि खर्रा सोडा.

स्मृतिभ्रंश, म्हणजे डिमेन्शिया, हा अनेक आजारांचा समूह, त्यातला सर्वांत जास्त आढळणारा अल्झायमर. चष्मा कुठे ठेवला हे विसरणं वयाचं असू शकतं. चष्मा कशासाठी असतो हे विसरणं, रोजच्या वाटेवर हरवणं, पैशांचा हिशोब न जमणं, जेवल्यावर पुन्हा “जेवायला द्या” म्हणणं हा आजार असू शकतो. बी-12 किंवा थायरॉइड कमी असणं, नैराश्य यांनीही विसर पडतो आणि तो सुधारतो, म्हणून तपासणी हवीच. म्हातारा माणूस एक-दोन दिवसांत अचानक बरळायला लागला तर तो डिलिरियम. लघवीचा जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, सोडियम कमी होणं अशी त्याची कारणं असतात आणि डिलिरियम ही तातडीची बाब आहे.

पीडी म्हणजे पार्किन्सन. हात मांडीवर टेकलेला असताना कंप येतो, चालताना हात हलत नाही, अक्षर बारीक होत जातं, चेहऱ्यावरचं हसू हरवतं, सगळ्याच हालचाली मंदावतात. मेंदूतलं डोपामिन कमी झाल्यानं हे होतं. औषधांनी कितीतरी वर्षं चांगलं जगता येतं.

कोणाकडे जायचं आणि काय विचारायचं

मानसोपचारतज्ज्ञ हे डॉक्टर असतात, औषध देतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ बुद्ध्यांकासारख्या चाचण्या आणि बोलण्यातून उपचार करतात. समुपदेशक ऐकून घेतात, मार्ग शोधायला मदत करतात. लकवा, झटके, कंप, नसा हे न्यूरोलॉजिस्टचं काम. लहान मुलांसाठी सुरुवात नेहमी बालरोगतज्ज्ञांपासून करा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक जिल्हा पातळीवर काम करतं. त्याची बाह्यरुग्ण तपासणी कुठे आणि कधी असते ते जवळच्या सरकारी दवाखान्यात विचारा. मनोरुग्णालय म्हटलं की नागपूर डोळ्यांसमोर येतं, पण मनाच्या बहुतेक आजारांत भरती व्हावंच लागत नाही. रात्री-अपरात्री बोलायचं असेल तर ‘टेलिमानस’ 14416 हा नंबर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

जाताना एका कागदावर लिहून न्या: त्रास कधी सुरू झाला, किती वेळा होतो, चालू औषधं कोणती, घरात आणखी कोणाला असं आहे का. आणि केसपेपर हातात पडला की चार प्रश्न विचारा. या शब्दाचा अर्थ काय? हे किती दिवस चालेल? औषध कधीपर्यंत घ्यायचं? काय झालं तर लगेच परत यायचं? एवढं विचारायला दोन मिनिटं लागतात आणि तो तुमचा हक्क आहे.

आजार दीर्घकाळचा असेल तर दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढा. 2016 च्या कायद्यात 21 प्रकारच्या दिव्यांगता आहेत. स्वमग्नता, सीपी, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार, पार्किन्सन आणि सिकलसेलही त्यात येतात. 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगता असली तर बहुतेक सवलती मिळतात.

पुढच्या वेळी शेजारी कोणी केसपेपर घेऊन “हे काय लिहिलंय हो?” असं विचारलं तर त्याला जमेल तेवढा अर्थ सांगा आणि उरलेलं विचारायला त्याच्यासोबत डॉक्टरांकडे जा. वऱ्हाडात दवाखान्यात सोबत जाणारं माणूस मिळणं हाच अनेकदा उपचाराचा पहिला भाग असतो, आणि ते माणूस आपल्यापैकी कोणीही होऊ शकतं.